रपट्यावरचे पाणी

वऱ्हाडात नदीपेक्षा नाला अधिक माणसे खातो, असे आमचे वडील म्हणत. नदीचा माणसाला धाक असतो, नाल्याचा नसतो. वर्षातले नऊ-दहा महिने ज्याच्या कोरड्या पात्रातून बैलगाड्या जातात, पोरे ज्याच्या वाळूत खेळतात, त्याच्याशी एक प्रकारची सलगी होऊन जाते. मग श्रावणातल्या एखाद्या दुपारी तिकडे सातपुड्याच्या अंगाला पाऊस कोसळतो, इकडे काळ्या रानात थेंबही पडलेला नसतो, आणि संध्याकाळी तोच नाला रस्ता अडवून उभा राहतो. जिथे उंच पूल झालेला नसतो तिथे नाल्याच्या तळालगत सिमेंटचा बुटका रस्ता घातलेला असतो. आमच्याकडे त्याला रपटा म्हणतात. रपट्यावरून पाणी वाहू लागले की थांबायचे, ही गोष्ट इकडे कुणाला शिकवावी लागत नाही. आम्हालाही ती ठाऊक होती. तरीही एकदा आम्ही थांबलो नाही. आणि ज्या शिबिराहून आम्ही परतत होतो ते शिबिर, चार माणसांनी एकत्र बसून अडचणीच्या वेळी निर्णय कसा घ्यावा, हेच शिकवण्यासाठी भरवलेले होते.

१९९७ साल. स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव. १५ ऑगस्ट शुक्रवारी आला होता आणि पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सणही अर्थातच त्याच दिवशी. सकाळची मिस्सा आणि झेंडावंदन आटोपून अमरावती आणि अकोला येथील तीस-पस्तीस तरुण-तरुणी चिखलदऱ्याला जमली. आम्ही तेव्हा अकोल्यात शिक्षक होतो, पण मूळचे अमरावतीचे. त्यामुळे दोन्हीकडच्या मुलांना आम्ही आपले वाटतो, असा आमचा समज होता. अकोल्याच्या तुकडीची जबाबदारी आमच्याकडे होती.

आपला धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. वसई किंवा गोव्यासारखी शतकांची एकजिनसी वस्ती इकडे नाही. कुणी बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेला तमिळ घरातला मुलगा, कुणी किनारपट्टीकडून बदली होऊन आलेल्या कारकुनाची मुलगी, कुणी दर्यापूरकडच्या शेतमजुराच्या घरातून वसतिगृहात शिकायला आलेली. रविवारी ही सारी एका छपराखाली येतात, एकत्र गातात आणि बाहेर पडताच आपापल्या घोळक्यात उभी राहतात. त्यांना एकमेकांशी बोलते करावे, हा शिबिराचा हेतू होता. त्यासाठी बाहेरगावाहून एक फादर आले होते. प्रवचने त्यांनी केलीच नाहीत. त्यांनी खेळ आणले होते.

पहिल्या दिवशी डोळ्यांना फडके बांधून दोरीचा चौकोन करायचा खेळ झाला. मग सर्वांनी हातात हात गुंतवून गाठ करायची आणि हात न सोडता ती सोडवायची, तोही झाला. धुक्यात दोन पावलांपलीकडचे दिसत नव्हते, कपडे वाळत नव्हते, आणि तरीही मुले अंगणात लोळून हसत होती. आमच्यातले एक वयस्क गृहस्थ, पूर्वी आखाड्यात गेलेले, हे पाहून जरा नाराज झाले. अमरावतीकरांना एकजुटीचे खेळ बाहेरून आणावे लागतात काय, असे त्यांचे म्हणणे. तेही चूक नव्हते. १९१४ साली सुरू झालेल्या आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनमध्ये, ऑलिंपिकच्या वेळी, कबड्डीची आणि देशी व्यायामाची प्रात्यक्षिके दाखवली होती. कबड्डीत साखळी धरलेल्या दोघांना एकमेकांच्या मनातले कळावेच लागते, नाहीतर चढाई करणारा मधून निसटतो. पण कबड्डीत बोलायला वेळ नसतो आणि बोलण्याची गरजही नसते. सारे एकाच गोष्टीसाठी मैदानात असतात. माणसे गोत्यात येतात ती जिथे बोलायला वेळ असतो आणि तरीही बोलले जात नाही तिथे. हे अर्थात आम्हाला त्या दिवशी सुचले नाही, पुष्कळ नंतर सुचले.

दुसऱ्या दिवशीचा खेळ चंद्रावरचा होता. जे हॉल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तो रचला, आणि गटांच्या निर्णयांवरचा त्याचा लेख १९७१ साली एका अमेरिकी मासिकात आला. तुमचे यान चंद्राच्या उजेडाकडील बाजूस कोसळले आहे. मुख्य यान दोनशे मैलांवर आहे आणि तिथवर चालत जायचे आहे. पंधरा वस्तू शाबूत आहेत, त्यांचा महत्त्वानुसार क्रम लावा. प्राणवायूच्या टाक्या, पाणी, ताऱ्यांचा नकाशा, पन्नास फूट नायलॉनचा दोर, दुधाची भुकटी, होकायंत्र, काड्यापेटी, दोन पिस्तुले आणि अशाच इतर. आधी प्रत्येकाने एकट्याने, कुणाशी न बोलता क्रम लावायचा. मग गटाने चर्चा करून एक क्रम ठरवायचा. शेवटी अवकाश संशोधन करणाऱ्या नासाच्या तज्ज्ञांनी लावलेल्या क्रमाशी दोन्ही ताडून पाहायचे आणि चुका मोजायच्या.

खेळाची गंमत चंद्रात नाही, त्या दोन आकड्यांत आहे. गटाने नीट काम केले तर गटाच्या चुका एकेकट्याच्या सरासरीहून कमी भरतात. कधीकधी तर गटातल्या सर्वांत हुशार माणसाहूनही कमी. नीट काम न केले तर उलटे होते, म्हणजे गटात कुणाला तरी बरोबर उत्तर ठाऊक असते आणि गट ते हरवून बसतो. हॉल यांनी काही गटांना आधी चार साध्या सूचना देऊन पाहिल्या. आपलेच म्हणणे रेटू नका. भांडण टाळण्यासाठी म्हणून मत बदलू नका. मतदान करू नका, नाणे उडवू नका, सरासरी काढू नका. मतभेद दिसला की तो मिटवायची घाई न करता त्यात काय दडले आहे ते पाहा. एवढ्यानेच त्या गटांची उत्तरे सुधारली.

आमच्या गटाला ह्या सूचना मिळाल्या होत्या. फळ्यावर लिहिलेल्याच होत्या. वेळ होता वीस मिनिटे. फादर दर पाच मिनिटांनी घंटा वाजवत आणि मुद्दाम म्हणत, "प्राणवायू संपत चालला आहे." दहा मिनिटांनी आमचा गट काड्यापेटीवर अडला. थंडीत शेकोटी लागेल, म्हणून ती वरच्या पाचांत असावी असे दोन-तीन मुलांचे मत पडले. ती दर्यापूरकडची मुलगी, गटात सर्वांत लहान, हळूच म्हणाली, "हवाच नाही जी तिथं. मंग काडी पेटन कशी?" तेवढ्यात घंटा झाली, कुणीतरी जोरात हसले, कुणीतरी पिस्तुलांचा विषय काढला, आणि काड्यापेटी पाचव्या क्रमांकावर राहिली. तज्ज्ञांच्या यादीत ती पंधरावी आहे. होकायंत्र चौदावे, कारण चंद्राला पृथ्वीसारखे चुंबकीय क्षेत्र नाही.

चुका मोजल्यावर त्या मुलीच्या एकटीच्या कागदावर गटापेक्षा खूपच कमी चुका निघाल्या. फादरांनी तिला सर्वांसमोर विचारले, "मग तू सांगितले का नाहीस?" ती पदराशी चाळा करीत म्हणाली, "सांगतलं होतं जी. एकडाव." सारे पुन्हा हसले. आम्हीही हसलो. संध्याकाळी मात्र ह्या प्रसंगावर आम्हीच दहा मिनिटे बोललो: लहानांचे ऐकले पाहिजे, मुलींचे ऐकले पाहिजे, एकदा सांगितलेलेही ऐकले पाहिजे. बोलणे चांगले झाले असे पुष्कळांनी सांगितले.

रविवारी दुपारी जेवणे करून आम्ही निघालो. अमरावतीची मुले एस.टी.ने गेली. अकोल्याची आम्ही भाड्याच्या जीपने. चालक धरून अकरा माणसे. परतवाडा, अंजनगाव सुर्जी आणि पुढे अकोटवरून अकोला असा रस्ता. घाटात पाऊस होता. खाली उतरलो तशी उघडीप लागली, कपाशीच्या पानांवर ऊन पडले होते, मुले गात होती. अंजनगाव सोडल्यावर पुढे काही अंतरावर रस्ता बंद आहे असे कळले म्हणून चालकाने गावांमधून जाणारी आडवाट घेतली, आणि साडेपाच-सहाच्या सुमारास आम्ही एका रपट्यापाशी येऊन थांबलो.

रपट्यावरून पाणी जात होते. फार नव्हते. कडेचे दगडी खुंट दिसत होते. पलीकडे एक दूधवाला सायकल हातात धरून उभा होता. चालकाने इंजिन बंद केले आणि आमच्याकडे पाहिले. "सर, तुमी म्हनान तसं," तो म्हणाला.

आता त्या पाच मिनिटांत आमच्या डोक्यात काय होते ते प्रामाणिकपणे लिहितो. दुसऱ्या दिवशी एका मुलाची चाचणी परीक्षा होती. एका मुलीच्या वडिलांनी आधीच बजावले होते की अंधार पडायच्या आत पोर घरी आली पाहिजे. त्या काळी खिशात फोन नव्हते. रात्रभर अडकलो तर आठ-नऊ घरांत आकांत होईल. जीपचे भाडे दिवसाच्या हिशेबाने ठरले होते. मागे कुणी म्हणाले, "जाईल गाडी." कुणी म्हणाले, "पाहा बुवा." आणि ती मुलगी, अगदी मागच्या बाकावरून, म्हणाली, "पानी चढून राह्यलं जी. काड्या पाहा नं."

आम्ही पाहिले. गढूळ पाण्यावर फेस होता आणि काड्या, पालापाचोळा, तुटलेली एक फांदी वाहत येत होती. नाल्याकाठी वाढलेल्या माणसाला त्याचा अर्थ कळतो: वर नुकताच मोठा पाऊस झाला आहे आणि पाणी अजून वाढायचे आहे. उतरत्या पुराला असा कचरा नसतो, तो आधीच वाहून गेलेला असतो. तिला हे ठाऊक होते. आम्हाला ते कळायला पुढे एका शेतकऱ्याला विचारावे लागले. आम्ही घड्याळ पाहिले आणि म्हणालो, "चला."

इथे 'आम्ही' म्हणजे आम्ही एकटेच. ह्या लेखात तो शब्द वापरण्याची आमची सवय आहे, पण इथे तिच्या आड लपता येत नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. रपट्याच्या मध्यावर इंजिन बंद पडले. पाणी पायाखालून आत आले, मग बाकांना लागले. जीप किंचित तिरकी सरकली आणि खालच्या अंगाच्या खुंटाला टेकली. तो खुंट नसता तर हा लेख लिहायला आम्ही नसतो. पलीकडच्या दूधवाल्याने गावाकडे हाकारा केला. दहा-बारा माणसे दोर घेऊन आली. त्यांच्यात एक म्हातारे होते, ते काठावर उभे राहून फक्त सांगत होते: दोर कुठे बांधायचा, आधी कोण उतरणार, कुणी मध्ये उभे राहायचे. कुणी उलट बोलत नव्हते. "दोर सोडू नोका, खाली पाहू नोका," एवढेच शब्द आम्हाला आठवतात. मुलींना आधी काढले. शेवटी उरलेल्या दोघा-तिघांत आमच्या गायकवृंदात तबला वाजवणारा मुलगा होता. तो दाराबाहेर हात काढून दोर घेत असताना जीप पुन्हा हलली आणि त्याचे उजवे मनगट दार आणि खुंट यांच्यामध्ये सापडले. काठावर आल्यावर म्हाताऱ्यांनी आमच्याकडे पाहून एवढेच विचारले, "काहून घातली बापा गाडी?"

रात्र त्या गावाच्या शाळेत काढली. त्यांनी भाकरी आणि पिठले दिले. म्हणजे जी रात्र टाळण्यासाठी आम्ही पाण्यात उतरलो, ती रात्र काढावी लागलीच. घरांतला आकांतही टळला नाही. मुलाच्या मनगटावर नंतर दोन शस्त्रक्रिया झाल्या. हाड जुळले, पण मनगट पूर्ववत वळले नाही. तबला सुटला.

वाहत्या पाण्याचा हिशेब आम्ही पुढे वाचला. वेगाचे सहा इंच पाणी उभ्या माणसाचे पाय उखडते, फूटभर पाणी लहान मोटार तरंगवते, दोन फूट पाण्यात बहुतेक गाड्या वाहून जातात. गाडीचे वजन आपल्या बाजूचे वाटते, पण पाणी तिला खालून उचलत असते. २८ सप्टेंबर २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरच्या पुलावरून एस.टी. बस वाहून गेली आणि त्यात माणसे दगावली, ती बातमी वाचली त्या दिवशी आम्ही जेवलो नाही. त्या बसमध्ये कोण काय म्हणाले असेल, कुणी काही म्हणाले असेल का, एवढाच विचार मनात येत राहिला.

महिन्याभराने तेच फादर अकोल्याला आले. कुणी त्यांना बोलावले होते असे नाही; त्यांना राहवले नसावे. आम्ही समजत होतो की आता पालकांपुढे आमची झडती होणार. तीही झाली, आणि योग्यच झाली. पण पालक गेल्यावर फादरांनी त्या दिवशी जीपमध्ये असलेल्या आम्हा दहा जणांना बसवले (चालक आलाच नाही) आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. नाव लिहायचे नाही. रपट्यापाशी गाडी थांबली त्या क्षणी तुम्हाला स्वतःला काय वाटत होते, एवढेच एका शब्दात लिहायचे: जावे की थांबावे.

आम्ही पेन हातात धरून बराच वेळ बसलो. खरे उत्तर काय ते आम्हाला ठाऊक होते. छातीत धडधडत होते, पाणी पाहून पोटात गोळा आला होता. 'चला' म्हणालो ते मुलांना जायचे आहे असे वाटून, पालक वाट पाहत आहेत म्हणून, आणि पुढाऱ्याने घाबरलेले दिसू नये म्हणून. आम्ही 'थांबावे' असे लिहिले आणि लाजेने घडी घातली.

फादरांनी चिठ्ठ्या उघडून टेबलावर मांडल्या. एकीवर 'आठवत नाही' असे होते. उरलेल्या नऊंवर 'थांबावे'. एका चिठ्ठीतली अक्षरे वाकडीतिकडी, लहान मुलाने काढल्यासारखी होती. ती कुणाची हे सर्वांना लगेच कळले, कारण त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

म्हणजे त्या जीपमधल्या जवळजवळ कुणालाच जायचे नव्हते आणि आम्ही सारे गेलो. अमेरिकेतले जेरी हार्वी नावाचे प्राध्यापक १९७४ साली ह्या प्रकाराला नाव देऊन बसले होते, ते फादरांनी त्या दिवशी सांगितले. टेक्सासमधल्या कोलमन गावी सासुरवाडीला गेले असताना, कडक उन्हाळ्यात, सासऱ्यांनी सहज सुचवले की त्रेपन्न मैलांवरच्या ॲबिलीनला जाऊन जेवू या. बायको हो म्हणाली, म्हणून हार्वी हो म्हणाले, म्हणून सासूबाई हो म्हणाल्या. धुळीतून, वातानुकूलन नसलेल्या गाडीतून जाऊन, वाईट जेवून परत आल्यावर उलगडा झाला की चौघांपैकी एकालाही जायचे नव्हते. सासऱ्यांनी तर इतर कंटाळले असतील म्हणून विषय काढला होता. हार्वींचे म्हणणे असे की माणसांचे गट मतभेदामुळे फसतात तसे, किंबहुना त्याहून अधिक, न बोललेल्या एकमतामुळे फसतात. आम्ही मुलांचा ऐकू न आलेला नकार होकार समजलो, मुले आमच्या घड्याळाकडे पाहण्याला निर्णय समजली. खरा आवाज एकच उमटला होता. आणि त्या मुलीला चिखलदऱ्याला आदल्याच दिवशी, सर्वांच्या हसण्याने, आपण शिकवून ठेवले होते की एकदाच बोलायचे.

ह्या खेळांविषयी तेव्हापासून आमच्या मनात एक अढी आहे आणि ती आम्ही लपवत नाही. खेळ माणसांना एकत्र हसायला शिकवतात, तेवढे बरेच आहे. पण खोटा प्राणवायू संपत असताना जे ऐकले गेले नाही ते खरे पाणी चढत असताना आपोआप ऐकले जाईल, असे समजणे भाबडेपणाचे आहे. घाईत माणूस शिकवणीकडे जात नाही, सवयीकडे जातो. म्हणून नकार बोलण्याची सवयच लावावी लागते, आणि ती लागण्यासाठी नकाराला आधीपासून स्वतःची वेळ राखून ठेवावी लागते.

हे आम्हाला कुणा व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकात सापडले नाही. ते सापडले १५३९ सालच्या रोममध्ये. अमरावतीचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाने आहे ते संत फ्रान्सिस झेवियर, संत इग्नेशियस आणि त्यांचे सोबती तेव्हा तिथे होते. येशूसंघ अजून जन्माला यायचा होता. परमगुरू त्यांना दूरदूरच्या कामांवर पाठवू लागले होते. थोड्याच दिवसांत सारे पांगणार, हे स्पष्ट होते. पांगलो तरी एक राहायचे, हे त्यांनी लवकर ठरवले. पण आपल्यातल्याच एकाच्या आज्ञेत राहण्याचे व्रत घ्यावे की नाही, ह्यावर गाडी अडली. कित्येक दिवस गेले, निर्णय होईना. शहर सोडून एकांतात जावे असाही विचार निघाला, पण लोक काय म्हणतील आणि हातातली कामे कोण करील म्हणून तो सोडला. मग त्यांनी रीत ठरवली. प्रत्येकाने प्रार्थना करावी, ह्या प्रश्नाविषयी आपसांत एक शब्दही बोलू नये, आणि आपण ह्या मंडळीतले नसून बाहेरचे आहोत असे समजून विचार करावा. त्यानंतर एके दिवशी सर्वांनी, प्रत्येकाने, केवळ विरोधातली कारणे सांगायची. दुसऱ्या दिवशी सर्वांनी केवळ बाजूची. उपवासकाळाच्या मध्यावर सुरू झालेले हे काम जूनमध्ये, संत योहान बाप्तिस्ताच्या सणाच्या सुमारास संपले, तेही एकमताने.

त्यातली नामी युक्ती वाचकांच्या लक्षात आली असेल. विरोधाच्या दिवशी विरोधात बोलणे हे धाडस उरत नाही, ते कर्तव्य होते. ज्याला व्रत मनापासून हवे होते त्यालाही त्या दिवशी नकाराची कारणे शोधावी लागली असतील. हॉल यांच्या फळ्यावरच्या चारही सूचना त्यात येऊन गेल्या. वीस मिनिटे नव्हती, तीन महिने होते, हा फरक आहेच. पण रपट्यापाशीही आम्हाला तीन मिनिटे होतीच. एक मिनिट प्रत्येकाने न जाण्याचे एक कारण सांगा, असे म्हटले असते तर काड्यांचे कारण सर्वांत मोठ्या आवाजात ऐकू आले असते.

ह्या रीतीचे दुसरे दर्शन आम्हाला निवृत्तीनंतर घडले, तेही आमच्याच जिल्ह्यात. २०१६ साली पानी फाउंडेशनने पहिली वॉटर कप स्पर्धा घेतली. राज्यातून तीनच तालुके निवडले होते: साताऱ्यातले कोरेगाव, बीडमधले अंबाजोगाई आणि अमरावतीतले वरूड. वरूड म्हणजे संत्र्यांचा मुलूख, आणि संत्र्यांसाठी उपसून उपसून जमिनीखालचे पाणी खोल गेलेला. पंचेचाळीस दिवसांत, ऐन एप्रिल-मेच्या उन्हात, गावाने श्रमदानाने आणि यंत्रांनी जलसंधारणाची कामे करायची. त्याआधी प्रत्येक गावातून काही माणसांनी, त्यांत बायकांनीही, प्रशिक्षण घ्यायचे. पाणलोटाच्या ह्या प्रशिक्षणामागे वॉटर ह्या अहमदनगरच्या संस्थेचे ज्ञान होते. अहमदनगर म्हणजे आजचे अहिल्यानगर. १९९३ साली ही संस्था क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ज्यांनी उभी केली ते फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडहून १९४८ साली आलेले येशूसंघीय धर्मगुरू. २०२१ साली ते निवर्तले. पाणलोटाच्या कामात त्यांनी घालून दिलेली रीत अशी होती की पैसा येण्याआधी गावाने श्रमदान करून दाखवायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी सर्वांनी मिळून मान्य करायची. आणि शिवारात कुठे काय करायचे हे कचेरीत न ठरवता शेतकरी नवरा-बायको आणि तंत्रज्ञ यांनी त्या त्या तुकड्यावर उभे राहून ठरवायचे. नवऱ्यासोबत बायको हवीच, हा आग्रह महत्त्वाचा होता. पाणी कुठून येते आणि कुठे मुरते हे बहुधा तिला अधिक ठाऊक असते.

आमचा एक माजी विद्यार्थी वरूडकडे असतो. त्याच्या गावी आम्ही त्या मे महिन्यात दोन दिवस राहिलो. पारा चव्वेचाळीसवर. माणसे रात्री कंदील आणि बॅटऱ्या घेऊन चर खणत होती. पण आमच्या लक्षात राहिली ती एका संध्याकाळची देवळापुढची बैठक. रांगोळीने जमिनीवर गावाचे शिवार काढलेले, नाल्यासाठी निळा रंग. उरलेल्या थोड्या दिवसांत खाली नाल्यावर बांध घालावा, म्हणजे दिसणारे काम होईल आणि गुण मिळतील, असा तरुणांचा आग्रह. गावात दोन तट, आणि दोघांनाही बांध आपापल्या बाजूला हवा. बोलणे तापू लागले तसा प्रशिक्षणाहून आलेला एक जण उठला आणि म्हणाला की आता बांध काहून घालू नये हे सांगा, आणि बायांनी आधी सांगा. थोडा वेळ कुणी बोलेना. मग एक वयस्क बाई रांगोळीच्या माथ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "वरचं पानी अडलंच नाही त खालचा बांध गाळानं भरन. दोन पावसात." माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करत यायचे, हेच तर प्रशिक्षणात शिकवले होते. शिकलेले सारे तिथे होते. पण आठवण त्या बाईने दिली, आणि ती ऐकू आली, कारण त्या वेळी तेवढेच ऐकायचे असे ठरले होते. बांधाचे काम मागे राहिले. तरुण दोन दिवस धुसफुसत होते. त्या गावाला बक्षीस मिळाले नाही, हेही सांगून टाकतो.

तबला सुटलेला तो मुलगा आता पन्नाशीकडे झुकला आहे, अकोल्यातच असतो. त्याने आमच्याशी बोलणे कधी टाकले नाही. आमच्या मनात ते वर्षानुवर्षे राहिले, त्याच्या मनात काय राहिले ते त्याने सांगितलेले नाही, आणि आम्ही विचारलेले नाही. ती मुलगी परिचारिका झाली, लग्न होऊन दूर गेली. नाताळात तिचा फोन येतो. युवक मंडळाची कामे आता तो पाहतो. चंद्राचा खेळ तोही घेतो, पण एक बदल करून: वेळ संपली असे म्हटल्यावर तो आणखी दोन मिनिटे देतो, आणि त्या दोन मिनिटांत ज्यांनी एकदाच काही सांगितले असेल त्यांनीच बोलायचे असते.

गेल्या पावसाळ्यात मुलांची चिखलदऱ्याला सहल ठरत होती. आम्हीही सल्लागार म्हणून बसलो होतो. तारीख ऑगस्टमधली, गाडी ठरलेली, पैसे जमलेले. त्याने डाव्या हाताने कागदाचे तुकडे केले आणि सर्वांना वाटले, आम्हालाही. सहल का नको, एवढेच लिहायचे. मुले कुरकुरली. एकाने लिहिले, 'माझ्या आईला काळजी वाटते.' एकाने लिहिले, 'पैसे उसने आणले आहेत.' एका चिठ्ठीवर 'मला मुळीच जायचे नाही' असे होते, आणि ते वाचताच सारे हसले. तो हसला नाही. त्याने ती चिठ्ठी पुन्हा वाचली, मग आमची वाचली. आम्ही लिहिले होते, 'रपटे.' सहल दसऱ्यानंतर गेली. गाडीवाल्याने आगाऊ रक्कम परत केली नाही आणि ती भरून काढायची कुणी ह्यावरून अजून वाद चालू आहे.